इष्टांक संपला, नाव गावाकडेच ठेवा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या मेसेजमध्ये एक गोष्ट सारखी दिसत होती, घणसोलीची ताई असो नाहीतर शहापूरची अंगणवाडी सेविका, प्रत्येकीचं म्हणणं हेच की योजना तर आहे, पण मी जिथे राहते तिथे आली की ती अडते. ठाणे जिल्हा सात तालुक्यांचा, त्यात सहा महापालिका, आणि त्याच जिल्ह्यात शहापूरसारखा अख्खा आदिवासी तालुका. एकाच कलेक्टरच्या हाताखाली तीन वेगळ्या दुनिया आहेत, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेते.

प्रश्न (घणसोली): माझे मिस्टर माथाडी आहेत, वाशीच्या एपीएमसीत. रेशनकार्ड गावी, पाटण तालुक्यात, सासूबाईंच्या नावावर, केशरी आहे आणि त्यावर धान्य चालू आहे. इथे आम्ही चौघं राहतो. इथल्या रेशन ऑफिसला गेले तर म्हणाले इष्टांक संपलाय, नाव गावाकडेच ठेवा. राज्य एकच ना, मग असं कसं?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी हे सांगते, गावच्या कार्डावरची नावं घाईघाईत कमी करून घेऊ नका. बऱ्याच जणी तिकडून नाव काढतात, दाखला घेऊन इकडे येतात आणि इथे इष्टांक नाही म्हटल्यावर ना तिकडचं धान्य राहतं ना इकडचं.

इष्टांक म्हणजे ठरवून दिलेला आकडा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने देशात गावाकडच्या ७५ टक्के लोकांना आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं, मग प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा काढला. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले, सगळे मिळून साधारण ७ कोटी माणसं, आणि हा हिशोब २०११ च्या जनगणनेवर आहे. त्यानंतर दिवा, घणसोली, कोपरखैरणे किती वाढलं ते तुम्ही डोळ्यांनी बघताय, पण आकडा तिथेच आहे. वर उत्पन्नाची अट, गावात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत, आणि त्यात नवी मुंबईत एक कुटुंब राहतं असं धरलेलं आहे. मला हे पटत नाही. तमिळनाडूने केंद्राचा कायदा आल्यावरसुद्धा सगळ्यांना रेशन ही आपली जुनी पद्धत सोडली नाही, तिथे टक्क्यावरून कुणाला दारातून परत पाठवत नाहीत. म्हणजे देश एक, कायदा एक, तरी राज्य बदललं की ताटातला भात बदलतो.

आता तुमचं काम. कार्ड गावचंच राहू दे, धान्य इथे घ्या. महाराष्ट्रातल्या कार्डावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानात धान्य घेता येतं, आणि २०१९ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन रेशनमुळे परराज्यातल्या माणसालाही इथे घेता येतं. तुमच्या चौघांचं आधार कार्डाला जोडलेलं पाहिजे, ईकेवायसी झालेली पाहिजे, मग दुकानात बारा आकडी नंबर सांगायचा आणि पॉस मशीनवर थंब द्यायचा. माणशी पाच किलो असतं, त्यामुळे सासूबाईंनी स्वतःचं गावी उचलायचं आणि तुम्ही चौघांचं इथे, असं वाटून घेता येतं. फक्त आधी फोनवर ठरवा, कारण गावच्या दुकानदाराने सगळ्यांचं एकदम चढवलं तर इथे मशीनवर शिल्लक शून्य दिसेल. दुकानदार म्हणतो तुमचा कोटा माझ्याकडे नाही, तर ऐकून घेऊ नका, १९६७ ला फोन लावा. आणि एक लक्षात ठेवा, ठाणे आणि नवी मुंबईत रेशन तहसीलदाराकडे नसतं, शिधावाटप नियंत्रकाकडे असतं, त्यांचं आपल्याकडचं ऑफिस म्हणजे फ परिमंडळ. शहापूर-मुरबाडला मात्र तहसील ऑफिसातच जायचं. चुकीच्या खिडकीपुढे लोकांचा अख्खा खाडा जातो म्हणून मुद्दाम सांगितलं.

जाता जाता, तुमच्या मिस्टरांचं माथाडी बोर्ड बघा. १९६९ चा माथाडी कायदा. सातारा-सांगलीकडून आलेला माणूस आज या गाळ्यावर ओझं उचलणार, उद्या त्या गाळ्यावर, मालक कोण ते धड सांगता येत नाही, तरी बोर्डाने मालकांकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, गोळा करून त्याला पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना दिला. तिथे कुणी विचारलं नाही की तुझं कार्ड पाटणचं की घणसोलीचं. हक्क कामाला बांधला, पत्त्याला नाही. इतकी चांगली गोष्ट आपल्याच मातीत झाली आणि बाकीच्या योजना लिहिताना ती कुणाला आठवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मी रिटायर्ड बँक कर्मचारी. स्पष्ट विचारतो, टॅक्स आम्ही शहरवाल्यांनी भरायचा आणि योजना सगळ्या खेड्यात. हे कुठवर चालायचं?

उत्तर: काका, तुमच्या पगारातून वर्षाला २५०० कापले जायचे ना, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००? तो व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी उभी केली, माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली आणि जगली. त्यासाठी पैसा लागणार होता म्हणून १९७५ ला हा कर आला, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी निघाली, आणि तीच कल्पना पुढे २००५ मध्ये अख्ख्या देशाने वर्षाला १०० दिवस म्हणून उचलली. तुम्ही भरलेला पैसा वाया गेला नाही काका, तुमच्याच पिढीने ते केलंय आणि त्याचा अभिमान वाटायला हवा.

तुमच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे ती वेगळी. हमी गावापुरतीच राहिली. बीड-जालन्याचा माणूस गावी असला तर कायद्याने काम मागू शकत होता, तोच ठाण्याच्या नाक्यावर सकाळी आठला उभा राहिला आणि काम मिळालं नाही तर दहाला घरी. केरळने २०१० मध्ये शहरासाठी अय्यनकाली रोजगार हमी योजना काढली, राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या महाराष्ट्राने देशाला ही गोष्ट शिकवली त्याने स्वतःच्या शहरांसाठी ती केलेली नाही. तक्रार करायची तर ती करू या, आपण सोबत करू.

प्रश्न (शहापूर तालुका): मी अंगणवाडी सेविका. आमच्या पाड्यावरची कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, भिवंडी, कल्याणकडे. गरोदर बायका पण जातात. इथे अमृत आहार मिळतो, तिथे काहीच नाही. पावसाआधी परत येतात तेव्हा मुलांची वजनं बघवत नाहीत. आम्ही काय करायचं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अमृत आहार ही २०१५ ची राज्याची योजना, डॉ. अब्दुल कलामांच्या नावाने, गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक पूर्ण गरम जेवण, भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, वर अंडं किंवा केळं. पण ती आदिवासी क्षेत्रापुरती. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्र, मुरबाड आणि भिवंडीचा काही भाग, बस. म्हणजे बाई तीच, पोटातलं बाळ तेच, पण भट्टी त्या रेषेच्या बाहेर असली की जेवण बंद. योजना लिहिणाऱ्याने जमीन बघितली, माणूस चालत जातो हे नाही बघितलं. आणि कातकरी तर केंद्राच्या लेखी विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहेत, महाराष्ट्रात असे तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ज्यांच्याकडे सर्वात जास्त लक्ष द्यायचं ठरलंय तेच वर्षातले सहा-सात महिने योजनेच्या बाहेर असतात.

जातात का, तर उचल घेतलेली असते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाला पैसे देतो आणि मग पूर्ण सीझन त्यात फिटतो. तिथे जाऊ नका म्हणून सांगणं सोपं आहे, पण खायला काय देणार त्याचं उत्तर आपल्याकडे पाहिजे.

तुम्ही करू शकता असं काय आहे. एक म्हणजे अमृत आहार रेषेला बांधलेला असला तरी अंगणवाडीचा साधा हक्क बांधलेला नाही, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा आहार, लसीकरण, वजन हे मूल जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने द्यायचंच आहे. महिला बालविकास विभागाची स्थलांतर ट्रॅकिंगची सोय आहे, कुटुंब निघण्याआधी त्यात नोंद टाका, कुठल्या गावच्या कुठल्या भट्टीवर ते विचारून घ्या, आणि नुसत्या अॅपवर विसंबू नका, तिकडच्या सेविकेला फोन करा. अॅपमध्ये नोंद असते पण भट्टी गावापासून दोन-तीन किलोमीटर आत रानात असते, तिथे कुणी जातच नाही. बाईजवळ माता बाल संरक्षण कार्ड असलंच पाहिजे, ते ट्रंकेत राहून जातं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. तुमचं गाव पेसात आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणाऱ्या कायद्यात. १९९६ चा कायदा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. पेसातल्या ग्रामसभेला योजनेचे लाभार्थी ठरवायचा आणि गावचा आराखडा मंजूर करायचा अधिकार आहे, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध, म्हणजे आधीच ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट पंचायतीला येतो, त्यातून काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. पाड्याला हवं तर स्वतःचं वेगळं गाव म्हणून घोषित व्हायची मागणी करता येते, कारण मोठ्या गावाच्या सभेत पाड्यावरच्या कातकरणीचा आवाज पोचतच नाही. दिवाळीच्या आधी, माणसं निघायच्या आधी ग्रामसभा लावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हीच वेळ, जानेवारीत सभा घेतली तर पाडा रिकामा असतो आणि मग कागदावर म्हणायचं कोरम झाला नाही. पावसाळ्यातच काम कसं निघेल, भात खावटी, म्हणजे पावसाळ्यातल्या खाण्यासाठीची मदत, कशी मिळेल, म्हातारी माणसं मागे राहतात त्यांच्याजवळ मुलांना ठेवायची काही सोय करता येईल का, हे ठराव त्या सभेत झाले पाहिजेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत वर्षानुवर्षं सगळ्यांच्या संमतीने सभा घेतल्या आणि २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. पण तिथे माणसं गावात राहतात, पायाखाली बांबूचं जंगल आहे. शहापूरला धरणं आहेत, मुंबईला पाणी जातं, आणि माणसं भट्टीवर. मेंढा-लेखाचं जसंच्या तसं इथे चालेल असं मी म्हणणार नाही, तुमच्या सभेची तारीखसुद्धा तुमच्या स्थलांतरावरून ठरली पाहिजे.

प्रश्न (दिवा): आई विधवा, वय ६१. संजय गांधी निराधारला उत्पन्न २१ हजारच्या आत पाहिजे म्हणतात. महिन्याचं ना?

उत्तर: नाही हो, वर्षाचं. गडचिरोलीला तेच आणि दिव्याला तेच. रेशनमध्ये निदान गाव-शहर फरक तरी केलाय, इथे तोही नाही. महिन्याला १५०० मिळतात. आईचं स्वतःचं उत्पन्न आणि कमावती मुलं कोण आहेत यावर दाखला ठरतो, त्यामुळे जे आहे ते खरं लिहा आणि अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, महापालिकेत नाही.

प्रश्न (नेरूळ गावठाण): आमच्या जमिनी सिडकोला गेल्या. आता गावच्या घराची पडझड झालीय, पंतप्रधान आवासमधून पैसे मिळतील का? आणि असलं काही मांडायला आता ग्रामसभापण नाही.

प्रश्न (लोकमान्यनगर, ठाणे): गावात ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतं, आम्ही कुणाला विचारायचं?

उत्तर: दोघांना एकत्रच लिहिते. नेरूळच्या दादांचं आधी. शहरी आवासमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असतो, पण जागा नावावर दाखवावी लागते. आणि गरजेपोटी बांधलेली घरं म्हणजे नेमकी तीच अडचण, घर तीन पिढ्यांचं आणि कागद नाही. २०२० ला स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक द्यायची, तर ती ग्रामीण गावठाणांसाठी. तुमचं गाव १९९२ पासून महापालिकेत. म्हणजे जमीन घेतली तेव्हा तुम्ही गाव होता, ९५ गावं होती ती, १९८४ ला जासई-नवघरला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट निघाली, आणि योजना वाटायची वेळ आली तेव्हा तुम्ही शहर झालात. तुमच्याबरोबर झालं ते बरोबर नाही झालं. सध्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन तुमच्या घराखालची जागा मूळ गावठाणात येते की नंतरच्या वाढीव भागात, एवढा नकाशा काढून घ्या, कारण मूळ गावठाणात असाल तर कागद व्हायची शक्यता बरीच जास्त आहे.

आता सभेचं. गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा पोरासोरांना माहीत असतात, आधी महिला ग्रामसभा होते, मग मोठी. भांडणं होतात, कधी नुसत्या सह्या होतात, तरी एक जागा आहे जिथे माणूस उभा राहून विचारू शकतो. नवी मुंबईची पंचायत गेली तशी ती जागापण गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरात वॉर्ड समित्या आल्या, पण त्यात नगरसेवक आणि थोडे संस्थांचे लोक, तुम्ही-आम्ही नाही. केरळने १९९६ ला लोकयोजना काढली तेव्हा विकासाच्या पैशाचा साधारण ३५ ते ४० टक्के हिस्सा खाली स्थानिक संस्थांना दिला आणि माणसांना बसवून ठरवायला लावलं, कुटुंबश्रीच्या बायकांचे गट १९९८ पासून गावात आणि शहरातही आहेत. लोक सभेला येतात कारण तिथे पैशाचं ठरतं. आपल्याकडे लोक उदासीन आहेत असं म्हणतात, मला ते मान्य नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर रात्री बारापर्यंत मीटिंग चालते ती हीच माणसं.

आणि हे नीट वाचा. महाराष्ट्रात २००९ मध्ये कायदा बदलून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झालेली आहे, मतदान केंद्रांच्या हिशोबाने छोटे भाग करून तिथल्या सगळ्या मतदारांची सभा, नगरसेवकाने ती घ्यायची. कायद्यात आहे, वस्तीत नाही. मधली कित्येक वर्षं तर नगरसेवकच नव्हते, नवी मुंबईत मे २०२० ला मुदत संपली, ठाण्यात मार्च २०२२ ला, आणि सगळं प्रशासकाच्या हातात होतं. येऊरच्या पाड्यावरची वारली बाई बघा, शहापुरात असती तर पेसाची ग्रामसभा तिची होती, ठाणे महापालिकेत आहे म्हणून तिला तीही नाही आणि क्षेत्रसभाही नाही. लोकमान्यनगरच्या वाचकांनी एक काम करावं, वॉर्डातल्या पंचवीस-तीस जणांच्या सह्यांचं पत्र प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांना द्यावं की आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी झाली आणि पुढची कधी आहे, पोच घ्यावी, महिन्यात उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न माहिती अधिकारात टाकावा. गल्लीच्या नळाची तक्रार प्रत्येक जण एकेकटा करतो, सभा मागणारं पत्र मात्र कुणी देत नाही. उत्तर आलं की मला पाठवा, पुढच्या अंकात छापते.

प्रश्न (तुर्भे): आम्ही बंजारा, मूळचे तेलंगणाचे, वीस वर्षं इथे बांधकामावर. तिकडे आमचा एसटीचा दाखला आहे, इथे मुलाला कॉलेजात म्हणाले चालणार नाही. आमची जात बदलली का?

उत्तर: जात नाही बदलली दादा, यादी बदलली. अनुसूचित जाती-जमातींची यादी घटनेनुसार राज्यवार असते. तुमचा समाज तेलंगणात लंबाडा नावाने एसटी, कर्नाटकात एससी, आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती अ प्रवर्गात. इथला विमुक्त जातीचा दाखला घ्यायला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो, तो तुमच्याकडे नसणार. म्हणून मुलासाठी तेलंगणात तुमच्या मूळ तालुक्यातून एसटीचा दाखला काढून ठेवा, केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांमध्ये तो उपयोगी पडेल, राज्याच्या सवलती मात्र इथे मिळणार नाहीत.

पण एक गोष्ट तुम्हाला इथेच मिळते आणि त्याला जात, राज्य काही लागत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं पाहिजे. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस गोळा होतो तो तुमच्याच नावाचा आहे, मुलांची स्कॉलरशिप, बाळंतपण, अपघात यासाठी. ठेकेदार ९० दिवसांचं पत्र देत नसेल तर महापालिकेकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं. आधार, पासबुक, फोटो आणि ते प्रमाणपत्र घेऊन नोंदणी करा, मध्ये एजंट ठेवू नका, आणि दरवर्षी नूतनीकरण करायला विसरू नका, कारण नूतनीकरण चुकलं की कॉलेजच्या अॅडमिशनच्या वेळी मुलाची स्कॉलरशिप अडते.